चिठ्ठीसकट येणारी पुस्तकं: आमचं घरपोच वाचनालय

डोंबिवलीत आमच्या भागात एका बाईंचं घरपोच वाचनालय आहे. अनामत ५०० रुपये, महिन्याचे २५०, एका वेळी चार पुस्तकं. शनिवारी मुलगा स्कूटरवरून आणून देतो.

मार्चमध्ये नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काही दिवस वाचन बंद झालं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, रोजचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणारा, नुसता भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. मी बाईंना फोन केला, म्हटलं हसवणारं काहीतरी पाठवा, मी वाचून दाखवीन. त्यांनी विचारलं, "गुदगुल्या करणारं की चिमटे काढणारं?" नाना आतून ओरडले, "चिमटे!"

चार पुस्तकं आली आणि प्रत्येकात पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: आधी हे, मग हे. या चिठ्ठ्यांसाठीच मी हे लिहायला बसले. पुस्तकं कुठूनही मिळतात, पण कशानंतर काय वाचावं हे कोण सांगतं?

पहिली एकनाथांची भारुडं. भवानीआईला रोडगा वाहणारं भारूड मी सुरू केलं आणि दुसऱ्याच क्षणी अडखळले, कारण त्यातली सून देवीला म्हणते, सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच खपव. नाना म्हणाले, "अगं वाच, थांबलीस का?" मग सासू, जाऊ, सगळ्यांचा नंबर लागतो आणि शेवटी ती एकटीच उरते. खपवायचा तो प्रपंच, हे नानांनी मला समजावलं. सोळाव्या शतकातला हा चिमटा माणसाच्या मोहाला काढलेला आहे.

दुसरं जोतीराव फुल्यांचं नाटक, 'तृतीय रत्न'. चिठ्ठीवर लिहिलं होतं: लिहिलं १८५५, छापलं १९७९. इथे चिमट्याची जागा बदलते. कुणब्याच्या गरोदर बायकोला जोशी, म्हणजे भविष्य सांगणारा भट, ग्रहांची भीती घालतो आणि पैसे काढतो, नि मध्येमध्ये विदूषक येऊन त्याची लबाडी उघडी करतो. मी जोशाचा आवाज काढून वाचत होते, तेवढ्यात नाना उठून बसले. "परत वाच." त्यांच्या आईने धाकट्या भावाच्या वेळी ग्रहशांतीसाठी नथ गहाण टाकली होती, ती पुन्हा सुटली नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात हे मला पहिल्यांदा कळलं. मग तारखा ऐकून म्हणाले, "म्हणजे हे पहिल्यांदा छापलं तेव्हा मी नोकरीत होतो?" शेवटी ते नवराबायको जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतात, तिथे नाना खूश झाले.

तिसरं श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या विनोदी लेखांचं पुस्तक, 'सुदाम्याचे पोहे', १९१०. त्यातली पात्रं सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या. इथे लेखक आपल्याच पंगतीत बसून आपल्याच सणांची, सोवळ्याची रेवडी उडवतो. फुल्यांसारखी त्यात आग नाही. मला ते थोडं लांबलंही वाटलं. वाचनालयाबद्दलची एकमेव तक्रारही इथलीच: मधला आख्खा फर्मा, सोळा पानं, गायब. फोन केला तर बाईंनी कुरकूर न करता दुसऱ्या दिवशी दुसरी प्रत पाठवली, वेगळे पैसे नाहीत. तरी पाठवण्याआधी पानं तपासायला हवीत, आजारी माणसाचा रस मध्येच तुटतो.

चौथं मंगेश पाडगावकरांच्या कवितांचं 'सलाम', १९७८ चं. आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. ज्याच्या हातात दंडा त्याला सलाम, गल्लीतल्या दादापासून वरच्या सत्तेपर्यंत सगळ्यांना सलाम. पण खरा फटका दंडेवाल्याला बसत नाही, सलाम ठोकणाऱ्याला बसतो. तीनशे-चारशे वर्षं चिमटा घरातल्यांना, भटाला, शेजाऱ्याला बसत आला आणि इथे तो वाचणाऱ्याच्या हाताला बसला. नानांनी ती 'सलाम' कविता दोनदा वाचायला लावली. आणीबाणीत ते सरकारी नोकरीत होते. "आम्ही असेच उभे होतो," एवढंच म्हणाले आणि चहा थंड होईपर्यंत गप्प राहिले.

डोंबिवलीत असाल आणि घरात वाचून दाखवायला कुणी असेल, तर हे वाचनालय नक्की लावा. विषय सांगा आणि क्रम बाईंवर सोडा. राम गणेश गडकऱ्यांचा बाळकराम, म्हणजे त्या टोपणनावाने त्यांनी लिहिलेला विनोद, मात्र बाईंनी वगळला. तो पुढच्या शनिवारी पाठवा, असं नानांनी स्वतः फोन करून सांगितलंय, आणि फोन ठेवता ठेवता, "चिठ्ठी घाला बरं का त्यात."