उद्यमनगरात करून घेतलेला लाइन चोक, १३२ किलोवॅटच्या ड्राईव्हसाठी

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, तिथं डस्ट कलेक्टरच्या ब्लोअरला १३२ किलोवॅटचा ड्राईव्ह (मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र) आहे आणि तो दिवसातनं दोन-तीनदा ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप व्हायचा. नीट लक्ष ठेवलं तर कपॅसिटर पॅनलचा कॉन्टॅक्टर धाडकन लागला की त्याच सेकंदाला ड्राईव्ह जायचा. ड्राईव्हच्या आत डीसी चोक (करंटचे झटके मऊ करणारी कॉईल) नाही आणि पॅनल करणाऱ्यानं इनपुटलाही चोक दिला नव्हता.

पहिला चोक तयार घेतला, ॲल्युमिनियम वाइंडिंगचा, मोटरच्या प्लेटवर २३० अँपिअर होते तेवढाच, आणि बसवणाऱ्यानं तो बंद पॅनलमध्ये बरोबर ड्राईव्हच्या खाली बसवला. तासाभरात वार्निशचा वास, सगळी गरम हवा वर ड्राईव्हमध्ये, आता ट्रिप टेंपरेचरवर!

मग उद्यमनगरातल्या एका वाइंडिंगवाल्याकडं गेलो, आणि माणूस खरंच जाणकार निघाला. किंमत सांगायच्या आधी त्यानं विचारलं, ड्राईव्हचा इनपुट करंट किती, ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा, दुपारी व्होल्टेज किती पडतं. मी ५ टक्केवाला (पूर्ण करंटला फेज व्होल्टेजच्या ५ टक्के स्वतःवर घेणारा) मागत होतो, तो म्हणाला, "साहेब, तुमच्याकडं दुपारी ३८५ व्होल्ट येतंय, ५ टाकला तर अजून पडंल, ३ च घ्या." ३ टक्के, २५० अँपिअर, कॉपर, क्लास एच (जास्त तापमान सोसणारं इन्सुलेशन). घरी येऊन हिशेब केला, फेजला २४० व्होल्ट, त्याचे ३ टक्के म्हणजे ७.२, भागिले २५०, ५० हर्ट्झला साधारण ०.०९ मिलीहेन्री, चोकच्या प्लेटवर पण तेच.

ह्या वेळी पॅनलच्या शेजारी जाळीच्या वेगळ्या बॉक्समध्ये बसवला, वरखाली हवेला मोकळी जागा सोडून, एमसीसीबी (मोठा ब्रेकर) आणि ड्राईव्हच्या मधी. केबलच्या टोकांना टिनवाले कॉपर लग वापरले आणि आठ दिवसांनी लाइन बंद करून बोल्ट परत आवळले, दोन थोडे सैल सापडले, हे कुणी विसरू नका.

पाच आठवडे झाले, एकही ट्रिप नाही. करंटचा टीएचडी (हार्मोनिक्समुळं, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या नको त्या करंटमुळं, लहर किती बिघडली ते) आधी ८० टक्क्यांच्या वर होता, आता ४० च्या आसपास. म्हणजे हार्मोनिक्स पूर्ण जात नाहीत, त्याला फिल्टरच लागतो. गुणगुण आवाज येतो पण फौंड्रीत काय कळत नाही. माल सांगितल्यापेक्षा सहा दिवस उशिरा दिला एवढीच तक्रार.

असा चोक करून घ्यायचा असंल तर मोटरची प्लेट नको, ड्राईव्हच्या मॅन्युअलमधलं इनपुट करंटचं पान घेऊन जावा.