१९६७ चे दोन सिनेमे, नट एकच : आधी कुठला बघायचा?

आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून जुना सिनेमा बघतो. गेल्या खेपेला अमेरिकेतलं साठचं दशक घ्यायचं ठरलं. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने तिथला समाज ढवळून काढला, तेव्हा पडद्यावर काय बदललं, हे एका संध्याकाळी बघायचं होतं. चर्चा होता होता दोन नावं उरली : ‘इन द हीट ऑफ द नाइट’ आणि ‘गेस हूज कमिंग टू डिनर’. दोन्ही १९६७ चे, दोन्हींत कृष्णवर्णीय नट सिडनी पॉइटिए, दोन्ही दोन तासांच्या आत संपणारे. तुमच्यापुढेही हाच प्रश्न असेल तर माझं मत आधीच सांगून टाकतो. आधी ‘हीट’ बघा. ‘डिनर’ सोडू नका, पण त्याने सुरुवात करू नका. अपवाद एकच, तो पुढे येईलच.

काळ आधी समजून घ्यायला हवा, नाहीतर दोन्ही सिनेमे आज अगदी साधे वाटतील. हॉलिवूडवर १९३४ पासून ‘प्रॉडक्शन कोड’ नावाच्या नियमावलीची कडक अंमलबजावणी होती. गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यातले प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायचे नाहीत, असं त्यात सरळ लिहिलेलं होतं. ते कलम १९५६ मध्ये गेलं. पुढे १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला, १९६५ चा मतदान हक्काचा कायदा झाला. कायदे झाले तरी शहरं धुमसतच होती. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइटला दंगल उसळली, त्यात ४३ माणसं मेली. ती शमून आठवडाही झाला नव्हता, तोच २ ऑगस्टला ‘हीट’ न्यूयॉर्कमध्ये लागला. पहिल्या दिवशी थिएटरात बसलेला प्रेक्षक कुठल्या बातम्या वाचून आला असेल, याचा विचार करून मग सिनेमा लावा.

गोष्ट थोडक्यात अशी. मिसिसिपीतलं एक लहान गाव. शिकागोहून कारखाना काढायला आलेल्या उद्योगपतीचा रात्री खून होतो. स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेला एक अनोळखी कृष्णवर्णीय माणूस पोलीस पकडून आणतात, कारण त्याच्या पाकिटात जरा जास्त पैसे सापडतात. हा माणूस निघतो फिलाडेल्फियाचा खून-तपासातला तज्ज्ञ अधिकारी, व्हर्जिल टिब्ज. गावचा पोलीसप्रमुख गिलेस्पी (रॉड स्टायगर) त्याला पगार विचारतो. टिब्ज आकडा सांगतो : आठवड्याला १६२ डॉलर ३९ सेंट. हा आकडा ऐकल्यावर गिलेस्पीच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी सिनेमा थांबवून मागे घेऊन पुन्हा बघावा. समोरच्याची जात-रंग बघून त्याची पायरी मनाशी पक्की केलेल्या माणसाला, तो आपल्यापेक्षा जास्त शिकलेला आणि जास्त कमावणारा आहे हे कळतं, तेव्हा काय होतं? ते कुठे बघितलंय, हे मराठी वाचकाला मी वेगळं सांगायची गरज नाही.

पण सिनेमाचा गाभा आहे तो काचघरातला प्रसंग. गावचा बडा कापूसवाला जमीनदार एंडिकॉट आपल्या ऑर्किडच्या काचघरात, खुनाच्या तपासासाठी आलेल्या टिब्ज आणि गिलेस्पीला भेटतो. फुलांविषयी तो फार प्रेमाने बोलतो आणि बोलता बोलता, ऑर्किडला जशी निगा लागते, वेळ द्यावा लागतो, तसंच कृष्णवर्णीयांचंही असतं, असं सुचवतो. टिब्ज चौकशीचे प्रश्न विचारू लागतो. खुनाचा संशय आपल्यावर आहे हे ध्यानात येताच एंडिकॉट त्याच्या थोबाडीत मारतो. त्याच क्षणी टिब्ज उलट्या हाताने त्याच्या थोबाडीत देतो. मध्ये विचार करायला पळभरही जात नाही. बाजूला लिंबूपाण्याचा ट्रे घेतलेला कृष्णवर्णीय नोकर उभा असतो, त्याचा चेहरा नीट बघा. एंडिकॉट पोलीसप्रमुखाला विचारतो, आता तू काय करणार आहेस? गिलेस्पी म्हणतो, माहीत नाही. एक काळ असा होता की तुला मी गोळी घालायला लावली असती, असं टिब्जला म्हणणारा तो जमीनदार हे दोघं बाहेर पडल्यावर रडायला लागतो.

हॉलिवूडच्या मोठ्या सिनेमात कृष्णवर्णीय नायकाने गोऱ्या जमीनदाराला असं तोडीस तोड उत्तर देणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती, आणि पडद्यामागेही ती साधी नव्हती. पॉइटिएने दक्षिणेत चित्रीकरणाला नकार दिला होता. १९६४ मध्ये तो आणि कृष्णवर्णीय गायक-नट हॅरी बेलाफोन्टे चळवळीसाठी रोकड घेऊन मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला गेले होते, तेव्हा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी, हिंसक संघटनेच्या लोकांनी त्यांच्या गाडीचा पाठलाग केला होता. म्हणून दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसनने उत्तरेकडच्या इलिनॉय राज्यातलं स्पार्टा हे गाव शोधलं आणि पाट्या बदलाव्या लागू नयेत म्हणून कथेतल्या गावाचंही नाव स्पार्टाच ठेवलं. कापसाचं शेत मात्र तिथे मिळेना. तेवढ्यासाठी थोडे दिवस टेनेसीत जावं लागलं, आणि तिथे पॉइटिए उशीखाली पिस्तूल ठेवून झोपत असे. काचघरातली ती थप्पड बघताना हे पिस्तूल आठवतंच.

आणखी एक गोष्ट माझ्या फार जवळची आहे. छायाचित्रकार हॅस्केल वेक्सलरने पॉइटिएच्या चेहऱ्याचा विचार करून प्रकाशयोजना केली. तोवर रंगीत सिनेमातले दिवे गोऱ्या कातडीच्या हिशेबाने लागत, त्यामुळे सावळ्या चेहऱ्यावर नुसती चकाकी यायची आणि बारीक हावभाव हरवून जायचे. इथे मान वळली, डोळे किंचित बारीक झाले, तरी कळतं. समाज बदलला की संवाद बदलतात हे सगळे सांगतात. दिवे लावण्याची पद्धतसुद्धा बदलते, हे मला या सिनेमाने दाखवलं.

आता ‘डिनर’. सॅन फ्रान्सिस्कोतलं सुखवस्तू, उदारमतवादी घर. वडील वर्तमानपत्राचे मालक (स्पेन्सर ट्रेसी), आई कलादालन चालवणारी (कॅथरिन हेपबर्न). मुलगी जोआना सुट्टीहून परत येते ती होणाऱ्या नवऱ्याला घेऊन. तो जगप्रसिद्ध डॉक्टर आहे, सदतीस वर्षांचा विधुर आहे, कृष्णवर्णीय आहे. आयुष्यभर समतेवर अग्रलेख लिहिणाऱ्या बापाची एका संध्याकाळीपुरती परीक्षा, एवढीच गोष्ट.

याची दाद द्यावी तेवढी थोडी, असा एक तपशील आहे. डॉक्टरचे वडील निवृत्त पोस्टमन आहेत. तेही या लग्नाच्या विरोधात आहेत. ते मुलाला बजावतात की सोळा-सतरा राज्यांत तुम्ही दोघं गुन्हेगार ठराल. चित्रीकरण चालू होतं तेव्हा हे अक्षरशः खरं होतं. चित्रीकरण आटोपल्यावर, १२ जून १९६७ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ या खटल्यात असे सगळे कायदे एकमताने रद्द केले. डिसेंबरमध्ये सिनेमा लागला तेव्हा वाक्य तसंच राहिलं होतं आणि कायदा पुढे गेला होता.

ट्रेसी त्या वेळी इतका आजारी होता की त्याचा विमा उतरवायला कुणी तयार होईना. दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर आणि हेपबर्न या दोघांनी आपलं मानधन तारण ठेवलं, तेव्हा काम सुरू झालं. शेवटचं लांबलचक भाषण देताना तो प्रेमाविषयी बोलतो आणि हेपबर्नच्या डोळ्यांत पाणी येतं. ती दोघं खऱ्या आयुष्यातही पंचवीस वर्षं एकमेकांची होती. चित्रीकरण संपल्यावर सतरा दिवसांनी ट्रेसी गेला. हे माहीत असलेल्या माणसाला तो प्रसंग कोरड्या डोळ्यांनी बघता येत नाही, मलाही आला नाही.

तरीही मी ‘हीट’ वर ठेवतो. ‘डिनर’मध्ये डॉक्टर मुलीच्या आईवडिलांना एकांतात सांगतो की तुमची मनापासून संमती नसेल तर मी लग्न करणार नाही. जोआनाला हे ठाऊकही नसतं. आमच्या गटातल्या एक काकू सिनेमा संपल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते हे : “अरे, त्या पोरीला कुणी विचारलंच नाही की!” त्यांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं. सगळा निर्णय गोऱ्या बापाच्या मनात होतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. शिवाय लेखकाने डॉक्टर इतका निर्दोष घडवलाय की त्याला नाकारायला रंगाशिवाय दुसरं कारणच उरू नये. क्रेमरची ही योजना उघड होती आणि वादासाठी ती सोयीचीही आहे. पण साधा, चुका करणारा, मध्यम पगाराचा जावई असता तर? हा प्रश्न सिनेमा विचारत नाही. टिब्ज निर्दोष नाही. एंडिकॉटला खाली खेचण्याच्या नादात त्याचा तपास भरकटतो, आणि गिलेस्पी त्याला तोंडावर म्हणतो की तूही आमच्यासारखाच आहेस. या एका वाक्याने ‘हीट’ माझ्यासाठी मोठा होतो.

पॉइटिएच्या या ‘आदर्श’ भूमिकांवर त्याच वर्षी टीकाही झाली. गोऱ्या अमेरिकेला हा नट इतका का आवडतो, असा सवाल क्लिफर्ड मेसन या कृष्णवर्णीय नाटककाराने सप्टेंबर १९६७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून केला. चळवळीचा सूर तोवर बदलला होता. ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी ही कृष्णवर्णीयांची लढाऊ संघटना उभी राहिली होती, जिच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्या पिढीला संमतीची वाट बघत दिवाणखान्यात बसलेला डॉक्टर पटणं कठीणच होतं.

टीव्हीचंही थोडं सांगतो, कारण प्रेक्षक घडवला टीव्हीने. ७ मार्च १९६५ ला अलाबामातल्या सेल्मा गावी पुलावर शांतपणे चालणाऱ्या मोर्चेकऱ्यांवर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. त्या रात्री एबीसी वाहिनीवर नाझी गुन्हेगारांच्या खटल्यावरचा सिनेमा चालू होता. तो मध्येच थांबवून सेल्माची दृश्यं दाखवली गेली, आणि ती सुमारे ४ कोटी ८० लाख लोकांनी बघितली. तो सिनेमा क्रेमरचाच होता, न्यायाधीश होता स्पेन्सर ट्रेसी. दुसरीकडे मनोरंजनाचे कार्यक्रम अजून बिचकत होते. एप्रिल १९६८ मध्ये प्रसारित झालेल्या एका कार्यक्रमात गाताना पेटुला क्लार्क या गोऱ्या गायिकेने हॅरी बेलाफोन्टेच्या हातावर हात ठेवला, तर प्रायोजकाच्या माणसाने हरकत घेतली. तिने दृश्य बदलायला नकार दिला आणि ते तसंच दाखवलं गेलं. नुसता हातावर हात!

दोन्ही सिनेमांत एकच अभिनेत्री आहे, हे पटकन लक्षात येत नाही. बिआ रिचर्ड्स. ‘डिनर’मध्ये ती डॉक्टरची आई आहे आणि ट्रेसीला ती शांतपणे विचारते की म्हातारे झालात म्हणजे प्रेम कसं असतं ते विसरलात का. त्याचं मन वळतं ते या बाईमुळे. ‘हीट’मध्ये तीच गावातली चोरून गर्भपात करणारी मामा कॅलेबा आहे, अंधाऱ्या दुकानात बसलेली. दोन्ही वेळा तिच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. त्या दशकाने पडद्यावर कृष्णवर्णीय पुरुषाला जागा दिली, बाईला फार कमी दिली. ही उणीव भरून काढायची असेल तर ‘नथिंग बट अ मॅन’ (१९६४) शोधा. रेल्वेचा मजूर आणि शिक्षिका यांच्या संसाराची लहान बजेटची कृष्णधवल गोष्ट आहे, आणि ॲबी लिंकन त्यात अप्रतिम आहे.

निवड करताना घरात कोण कोण बसणार आहे तेही बघा. ‘हीट’मध्ये शिवीगाळ आहे, खिडकीतल्या विवस्त्र मुलीचा प्रसंग आहे, गर्भपाताचा विषय आहे, म्हणून शाळकरी मुलांसोबत नको. दक्षिणेतले उच्चार कानाला जड जातात, उपशीर्षकं लावाच. ‘डिनर’ आजी-आजोबांसकट सगळ्यांना बघता येतो, जवळजवळ नाटकासारखा एका घरात घडतो, आणि इंग्रजीही सोपं आहे. अपवाद म्हटलं होतं तो असा : तुमच्या घरात आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्नाचा विषय खरोखर निघालेला असेल, तर माझं मत बाजूला ठेवा आणि ‘डिनर’ लावा. भाषणापेक्षा तो सिनेमा बोलणं लवकर सुरू करून देतो.

तरुणांचा संताप, कोडची अखेर (नोव्हेंबर १९६८ मध्ये तो जाऊन प्रेक्षकांच्या वयानुसार सिनेमांना श्रेणी देण्याची पद्धत आली) हे सगळं तुम्हाला हवं असेल तर या दोन्हींत ते सापडणार नाही. त्यासाठी त्याच वर्षीचा ‘द ग्रॅज्युएट’ किंवा ‘बॉनी अँड क्लाइड’ वेगळ्या संध्याकाळी बघा.

ऑस्करचा निकाल हवाच असेल तर : ‘हीट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच, ‘डिनर’ला हेपबर्न आणि पटकथा मिळून दोन. पॉइटिएला त्या वर्षी नामांकनसुद्धा नव्हतं. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, म्हणून सोहळा ८ तारखेऐवजी १० तारखेला झाला. स्टायगरने पारितोषिक घेताना पॉइटिएचे आभार मानले आणि चळवळीच्या गाण्यातले शब्द उच्चारून तो खाली उतरला.

दोन्ही बघून झाले की शेवटची दोन-दोन मिनिटं पुन्हा लावा, लागोपाठ. ‘हीट’च्या शेवटी स्टेशनवर गोरा पोलीसप्रमुख टिब्जची बॅग स्वतःच्या हातात घेऊन त्याला गाडीपर्यंत सोडतो. ‘डिनर’च्या शेवटी भाषण संपतं, सगळे आनंदात उठतात, आणि ट्रेसी घरातल्या कृष्णवर्णीय मोलकरणीला, टिलीला, विचारतो की जेवण कधी वाढणार.