पी. डी. जेम्स की रूथ रेंडेल, आधी कुणाला हातात घ्यायचं?

अगाथा क्रिस्टी वाचून झाली, आता ब्रिटिश क्राइम कादंबऱ्यांमध्ये पुढे काय, असं विचारलं की ही दोन नावं हमखास येतात. दोघींची सुरुवात साठच्या दशकातली, जेम्सचं पहिलं पुस्तक १९६२ चं, रेंडेलचं १९६४ चं, आणि पुढे दोघीही हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात गेल्या, जेम्स कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची, रेंडेल लेबर पक्षाची, तरी मैत्री पक्की. वाचायला बसलात की मात्र फरक लगेच कळतो.

जेम्सचा नवरा डॉक्टर, महायुद्धातून परतला तो मानसिक आजार घेऊन, दोन लहान मुली, त्यामुळे घर हिच्याच पगारावर. आधी हॉस्पिटलच्या ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, मग १९६८ पासून होम ऑफिसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्यात, पोलीस आणि फौजदारी कायद्याच्या खात्यांत, १९७९ पर्यंत नोकरी आणि लिखाण दोन्ही चालू. हे सगळं पुस्तकांत उतरलंय. 'श्राउड फॉर अ नाइटिंगेल' (१९७१) नर्सिंग स्कूलमध्ये घडते, 'डेथ ऑफ ॲन एक्सपर्ट विटनेस' (१९७७) फॉरेन्सिक लॅबमध्ये, आणि तिथली माणसं, हेवेदावे, खुर्चीचं राजकारण इतकं खरं वाटतं की खून कुणी केला हे थोडा वेळ विसरायला होतं. तिचा डिटेक्टिव्ह ॲडम डॅल्ग्लीश स्कॉटलंड यार्डातला, कविताही करतो. पण वेग संथ आहे, वर्णनं लांब, आणि नंतरची पुस्तकं तर चांगलीच जाडजूड.

रेंडेल वेगळीच. पहिली कादंबरी ७५ पौंडांना विकली गेली, त्यातून इन्स्पेक्टर वेक्सफर्ड आला आणि त्याच्या एकूण २४ कादंबऱ्या झाल्या (डॅल्ग्लीशच्या १४). सुरुवातीच्या वेक्सफर्ड मला साध्याच वाटतात, पण 'सिमिसोला' (१९९४) जरूर वाचा, एका कृष्णवर्णीय डॉक्टरची मुलगी बेपत्ता होते आणि स्वतःला समंजस समजणाऱ्या वेक्सफर्डला स्वतःच्याच मनातला वर्णद्वेष दिसायला लागतो.

पण रेंडेलचं खरं सोनं सिरीजच्या बाहेर आहे. 'अ जजमेंट इन स्टोन' (१९७७) पहिल्याच वाक्यात सांगून टाकते की खून कुणी केला, कुणाचा केला आणि का, तर त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून. रहस्य म्हणावं असं काही उरतच नाही आणि तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही, कारण एक घरकामाची बाई आपलं निरक्षर असणं लपवताना काय काय करते, साधी चिठ्ठी, यादी, पाटी समोर आली की कशी घाबरते, आणि सुशिक्षित, चांगल्या मनाच्या मालकांना एकाच घरात राहूनही ते कसं दिसत नाही, हे पानागणिक अंगावर येत जातं. इतकी छोटी आणि इतकी निर्दय कादंबरी मी क्राइममध्ये फार कमी वाचलीय.

म्हणून माझं स्पष्ट मत, सुरुवात रेंडेलच्या याच पुस्तकाने करा. तपास पायरीपायरीने आवडत असेल, रात्री निवांत वाचायची सवय असेल तर जेम्स, पण पहिल्या पुस्तकापासून नको, थेट 'नाइटिंगेल' घ्या. जाड पुस्तकाची धास्ती असेल तर 'ॲन अनसुटेबल जॉब फॉर अ वुमन' (१९७२), त्यात कॉर्डेलिया ग्रे नावाची तरुण मुलगी एकटी डिटेक्टिव्ह एजन्सी चालवते.

रेंडेलने १९८६ पासून बार्बरा व्हाइन या नावानेही लिहिलं, ती पुस्तकं मात्र दोघींची चव कळल्यावरच. त्यातली पहिली 'अ डार्क-अडॅप्टेड आय', फाशी गेलेल्या आत्याची गोष्ट भाची सांगते, नातीगोती भरपूर आहेत, सलग वेळ काढून वाचा.