आधी खोलीचं भाडं विचारा, मग सही करा

गेल्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्यातल्या एका मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ती स्ट्रेचरवर ओठ घट्ट मिटून पडलेली, मी काउंटरवर. "ट्विन शेअरिंग फुल आहे सर. डिलक्स देते. कॅशलेस आहे ना तुमचं?" मी हो म्हटलं. ट्विन शेअरिंग म्हणजे दोन पेशंटची खोली, आणि कॅशलेस म्हणजे बिल विमा कंपनी थेट हॉस्पिटलला देणार. चार इंग्रजी कागद पुढे आले. जिथे जिथे पेन्सिलीची फुली होती, तिथे तिथे मी सही केली. एकही कागद वाचला नाही.

आमची आरोग्यविम्याची पॉलिसी पाच लाखांची. त्यात खोलीच्या भाड्याला मर्यादा होती: रोज विम्याच्या रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये. डिलक्स खोली ८,००० ची. एजंट आमच्या घरी वर्षानुवर्षं येतो, पण ही ओळ त्याने कधी वाचून दाखवली नव्हती. वरचे तीन हजार आपल्या खिशातून, सहा दिवसांचे अठरा हजार, असंच मी धरून चाललो होतो. तसं नसतं. खोलीच्या भाड्याचा जेवढा हिस्सा मर्यादेबाहेर (इथे आठ हजारांतले तीन हजार, म्हणजे ३७.५ टक्के), तेवढाच हिस्सा सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या सगळ्यांतून कापला जातो. कारण खोली बदलली की बऱ्याच हॉस्पिटलांत हे दरही बदलतात. डॉक्टर तोच, टेबल तेच, हाड तेच, पण डिलक्समधल्या पेशंटला ऑपरेशन महाग. याचं वैद्यकीय कारण मला आजवर एकाही डॉक्टरने सांगितलेलं नाही.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं. आईने हॉस्पिटलचा गाऊन काढून स्वतःचं सुती पातळ नेसलं, पिशवी मांडीवर घेतली आणि व्हीलचेअरवर बसली. संध्याकाळी सात वाजले तरी ती तिथेच. मोडलेल्या हाडाने दोन दिवस ऑपरेशनची वाट पाहताना जी बाई कण्हली नव्हती, तिचे हात आता थरथरत होते. टीपीए डेस्कवर, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्यांच्या काउंटरवर, दर वेळी एकच उत्तर: "कंपनीकडून अजून आलं नाही." आयआरडीएआय या विमा क्षेत्राच्या नियामक संस्थेच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी लागते, आणि उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे असतात. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. सात वाजता मंजुरी आली. ३,४२,००० च्या बिलातून १,२८,२५० कापलेले. "भरलेत की गेटपास देते." आईकडे बघून भावाने कार्ड पुढे केलं.

माझं ठाम मत आहे की ही फसवणूक आपल्या दमण्यावर उभी असते. रात्री साडेअकराला कुणी अटी वाचत नाही आणि नऊ तास ताटकळलेल्या म्हातारीसमोर कुणी बिलावरून भांडत नाही. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

पंधरा दिवसांनी शेजारच्या काकांनी, ते बँकेतून निवृत्त झालेत, बिल पसरून ओळीओळीने हिशेब केला. कंपनीने सरसकट सगळ्या बिलावर ३७.५ टक्के कात्री लावली होती. आयआरडीएआयच्या २०२० च्या नियमांप्रमाणे औषधं, शरीरात बसवलेले सांधे-उपकरणं आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावताच येत नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. कृत्रिम सांधा ६८,०००, औषधं ७४,०००, तपासण्या २२,०००. एवढ्यावरच ६१,५०० बेकायदा कापले होते.

कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केला, उत्तर आलं ते दोन ओळींचं आणि गोलमाल. मग पुण्याच्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलो. तिथे फी लागत नाही, वकील चालत नाही, आपलं म्हणणं आपणच मांडायचं. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे ऐकतात. सुनावणीची तारीख लागली आणि तिच्या आधीच कंपनीने ६१,५०० खात्यात जमा केले. उरलेले ६६,७५० गेले ते गेलेच. ती सही माझी होती.

तुमची पॉलिसी आज, घरात सगळे धडधाकट असताना काढा आणि 'रूम रेंट' हा शब्द शोधा. मर्यादा असेल तर आकडा फोनमध्ये लिहून घरातल्या प्रत्येकाला पाठवा. काउंटरवर खोली नाही म्हणाले तर तसं लेखी मागा. तपशीलवार बिल हातात पडल्याशिवाय शेवटची रक्कम भरू नका. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत तपशीलवार बिलाचा आणि डिस्चार्ज मिळण्याचाही हक्क लिहिलेला आहे. बिलाच्या वादापायी पेशंटला अडकवून ठेवता येत नाही.

नंतर एकदा टाके दाखवायला गेलो होतो, तेव्हा वॉर्डातल्या मावशींनी हळूच सांगितलं की त्या रात्री दुसऱ्या मजल्यावर ट्विन शेअरिंगच्या दोन खाटा रिकाम्या होत्या. महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे मी तशी तक्रार दिली आहे, अजून उत्तर नाही. आई आता वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते. परवा तिथेच बसून म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी जनरल वॉर्डातही राहिले असते रे."