बोट निघाली तिथेच परत आली

आधी हिशेब सांगते, कारण पुण्यात परीक्षण वाचणारा माणूस आधी तोच शोधतो. पानशेतच्या फुगवट्याच्या काठावरचं एक रिसॉर्ट, जानेवारीतली रविवारची दुपार, पाच माणसं. जेवणाचे सगळे मिळून २,९४०, बोटीचे माणशी २५०, गाडी लावायचे ५०. माशाला पाचपैकी साडेचार. बोटीला दीड. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही. मालक भला माणूस आहे आणि मला त्या चिलापीसाठी परत जायचंय.

आम्ही म्हणजे मी, नवरा, ब्याऐंशी वर्षांची आई आणि डिसेंबरात इंग्लंडहून आलेले ताई-भाऊजी. भाऊजी बरोबर असल्यामुळे बोटीचे गुण थोडे कापले गेले असतील, हे आत्ताच कबूल करते. हा माणूस १९७९ साली आपल्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकत होता, आणि त्यातला निम्मा वेळ संगमाजवळच्या बोट क्लबात पडलेला असे. तिथली रेगाटा, म्हणजे होड्यांचा वार्षिक सोहळा, १९२८पासून चालत आली आहे. कयाक, पंट, शेल ही होड्यांची नावं त्यांच्या तोंडी अजून पोहे-उपम्यासारखे येतात. आता त्या बाजूने गाडी गेली आणि पाण्यावर जलपर्णी दिसली की ते काच वर करतात आणि विषय बदलतात.

तिकडे स्थायिक झाल्यावर त्यांनी एका नॅरोबोटीत हिस्सा घेतला. बारा जणांत एक बोट, वर्षातले चारेक आठवडे आपले. ताई तिला ‘भाऊजींची भिशी’ म्हणते. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी आणि नवरा त्या भिशीत आठ दिवस राहून आलो. सत्तावन्न फूट लांब आणि रुंदीला सात फूटसुद्धा नाही. सदाशिव पेठेतला एखादा बोळ उचलून पाण्यात सोडावा तशी. त्या बोळात शेगडी, ओटा, झोपायच्या दोन जागा, संडास, सगळं. ताशी चार मैल ही वेगाची मर्यादा. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना तीही पाळायची नाही, त्याहून हळू जायचं, नाहीतर त्यांचा चहा सांडतो आणि आतून एक टक्कल बाहेर येऊन आपल्याकडे बघतं. काठावर कुत्रा फिरवणारी बाई मागून येऊन आम्हाला ओलांडून गेली होती. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. हे नवऱ्याच्या हाताला कळेपर्यंत आम्ही एकाच झाडात दोनदा शिरलो.

आम्ही होतो वेल्समध्ये जाणाऱ्या लँगोलन कालव्यावर. तिथे १८०५ सालचा एक जलसेतू आहे, पाँटकसल्टे नावाचा. १८ दगडी खांबांवर ३०७ मीटर लांबीची लोखंडी पन्हळ, आणि खाली ३८ मीटरवर डी नदी. पन्हळीच्या एका अंगाला पायवाट आणि कठडा आहे. दुसऱ्या अंगाला काहीच नाही, बोटीच्या खिडकीतून थेट खाली दरी. मी त्याच खिडकीशी मटार सोलत बसले होते. पुढच्या वीसेक शेंगा मी न बघता सोलल्या आणि सालं पातेल्यात, दाणे पिशवीत गेले.

तर हे सगळं डोक्यात घेऊन आम्ही पानशेतला गेलो. चूक आमचीच.

कोथरूडहून सकाळी साडेनऊला निघालो, तरी खडकवासल्याच्या चौपाटीवर अडकलोच. रविवारी तिथे कणसं आणि भजी खायला अर्धं पुणं गाड्या आडव्या लावून उभं असतं. आठच्या आत ती जागा पार करा, एवढा एकच सल्ला रस्त्याबद्दल. पुढचा रस्ता बरा आहे आणि धरणाची भिंत दिसली की मन जरा मोकळं होतं. पानशेतचं पाणी आंबी नदीचं, जलाशयाचं नाव तानाजीसागर. शेजारीच मोसे नदीवरचं वरसगाव. दोन्हीकडचं पाणी खाली खडकवासल्यात जातं आणि तिथून आपल्या नळाला येतं. म्हणून मे महिन्यात इथे बोटिंगसाठी जाऊ नका. तोवर पुण्याने अर्धं पाणी पिऊन टाकलेलं असतं आणि धक्का चिखलात बसलेला असतो. गेल्या वर्षी बँकेतल्या मैत्रिणींबरोबर मी ते करून आले आहे, चप्पल तिथेच राहिली.

आईने बोटीत यायला साफ नकार दिला. तिचं माहेर नारायण पेठेतलं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची होती. “मी कशाला जाऊ पानशेतच्या पाण्यावर? ते एकदा आमच्या घरी येऊन गेलंय,” म्हणाली, आणि काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत शाल घेऊन बसली. तिकिटं चारच काढली.

आता बोट. पंटून आहे, म्हणजे ताटासारखी सपाट, वर निळी ताडपत्री, मागे आउटबोर्ड इंजिन. बसायला बाक स्वच्छ. लाइफ जॅकेट सगळ्यांना दिली आणि चढायच्या आधी घालायलाच लावली, हे चांगलं. एकाचा पट्टा तुटलेला होता, तो सुतळीने बांधला होता, हे वाईट. भाऊजींनी ते बदलून घेतलं. मुलगा कुरकुरला नाही, लगेच दुसरं आणलं. तुम्हीही अंगात चढवल्यावर पट्टे ओढून बघा, लाजू नका.

पंधरा मिनिटांची फेरी. निघालो, आणि निघाल्या निघाल्या मुलाने मोबाईल स्पीकरला जोडला. ताईने हात जोडून बंद करायला लावला तर त्याला खरंच आश्चर्य वाटलं. “गाणी नकोत? सगळे तर मागतात.” मग शेजारून स्पीडबोट गेली, तिच्या लाटेने आमचं ताट हललं, लोक ओरडले, मुलगा हसला. भाऊजी सवयीने तिच्याकडे बघून मान हलवत राहिले, तिकडच्या टक्कलवाल्यासारखेच. तलावाच्या मध्ये गेल्यावर इंजिन दोन मिनिटं बंद केलं, फोटोसाठी. ती दोन मिनिटं मात्र अशी होती की अडीचशे रुपये तिथेच वसूल झाले. वाऱ्यावर कुठूनतरी धुराचा वास, पलीकडच्या काठावर एक मोठं आंब्याचं झाड, झाडाखाली दगडी उतार, दोन बाया कपडे आपटतायत आणि आपटल्याचा आवाज हात वर गेल्यावर आपल्यापर्यंत पोचतोय. एक म्हातारा छोट्या होडीतून जाळं ओढत होता.

मी विचारलं, “बाळा, तिकडे लावतोस का जरा? झाडाखाली?”

“तिकडं लावत नाय मॅडम.”

“का रे?”

“फेरी असती ना. राउंड मारायचा अन् परत.”

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. आपल्याकडे बोट ही पाळण्यासारखी असते: पैसे द्या, बसा, गोल फिरा, उतरा. पवनेला गेलो तिथे हेच होतं, कात्रजच्या तळ्यावरही लहानपणापासून हेच बघत आले. बोटीत बसून आपण कुठे जात नाही. कालव्यावर आठ दिवसांत आम्ही काय मोठं केलं? सकाळी पोहे, मग चार तास हळूहळू जाणं. मध्ये लॉक, म्हणजे बोटीला वर-खाली नेणारा दारांचा हौद, आलं की बोट त्यात घ्यायची, मागचं दार लावायचं, लोखंडी हँडलने झडपा फिरवायच्या आणि पाणी चढेपर्यंत अनोळखी माणसाशी पावसाबद्दल बोलायचं. संध्याकाळी काठावर मेखा ठोकून बोट बांधायची आणि समोरच्या पबमध्ये जेवायला जायचं. बस. पण त्या ‘जायचं’मध्ये सगळी मजा होती. दोर बांधून, हात धुऊन, केस नीट करून आपण पाण्याच्या बाजूने आत शिरतो, कुणाकडे तरी आल्यासारखे.

त्या पबांचं तोंडच पाण्याकडे असतं, आणि त्यामागे कारण आहे. ते कालवे कोळसा आणि माल वाहायला खणले, अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी तर झपाट्याने. बोटी घोडे ओढायचे, म्हणून काठाने पायवाट. घोड्याला तबेला हवा आणि माणसाला बिअर, म्हणून जागोजागी खानावळ. गिऱ्हाईक पाण्यावरून यायचं, म्हणून दार पाण्याकडे. आपला मुठा उजवा कालवासुद्धा शहराच्या मधून जातो, पण तो शेतीला आणि प्यायला पाणी द्यायला काढलेला. त्यावर कुणी कुठे जात नव्हतं, म्हणून सगळ्या घरांच्या पाठी त्याच्याकडे. भाऊजींनी स्वारगेटजवळ कालव्याकडे बघून “इथे नॅरोबोट आरामात मावेल” म्हटलं तेव्हा रिक्षावाल्याने आरशातून त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. आणि बोट क्लब रोडवर राहणाऱ्या किती जणांनी खरी बोट पाहिली असेल, हा वेगळाच विषय.

तिकडचं सगळं गोड होतं असं मात्र समजू नका. पबचं स्वयंपाकघर नऊला बंद म्हणजे बंद. एका लॉकवर रांगेत अडकलो आणि सव्वानऊला पोचलो, तर बटाट्याच्या वेफर्सवर झोपावं लागलं. शाकाहारी माणसाला भाजलेला बटाटा आणि त्यावर गोड घेवडा. ताई पर्समध्ये ठेच्याची बाटली ठेवते ते उगाच नाही. आणि बोटीतला संडास. त्याची ‘कॅसेट’ असते, ती भरली की स्वतः उचलून ठरलेल्या ठिकाणी नेऊन रिकामी करायची. आठ दिवस भाऊजींनीच ते केलं. जावई माणूस, पण आईला हे आजतागायत सांगितलेलं नाही.

परत पानशेत. काठावर आलो तोवर आईने एकटीने कांदाभजीची एक प्लेट संपवून दुसरी सांगितली होती, यावरून भज्यांचा अंदाज घ्या. जेवण उत्तम. चिलापी रव्यात तळलेली, कडेला कुरकुरीत, आत ओलसर, काटे मोजके. तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. रश्शाला खोबऱ्याचं वाटण कमी आणि लसूण जास्त. मला आवडला, नवऱ्याला तिखट लागला. शाकाहारी थाळीतलं पिठलं पातळ होतं, त्यावर आईचं मत छापण्याजोगं नाही. इंद्रायणी भात मऊ, वाफाळता, मागितला की पुन्हा. सोलकढी घेऊ नका, बाटलीतली वाटली.

बिअरचा किस्सा सांगायलाच हवा. इथे परमिट रूम आहे. भाऊजींनी सवयीने “एक पाइंट” सांगितलं आणि वेटरने ३३० मिलीची छोटी बाटली आणून ठेवली. भाऊजी बाटलीकडे बघत राहिले. तिकडचा पाइंट ५६८ मिलीचा, हापशासारखा दांडा ओढून ग्लासात भरलेला आणि तळघराइतकाच गार. इथली बाटली इतकी थंड की बोटं चिकटली. ते वेटरला म्हणाले, “अहो, हा पाइंट कसा? हा तर निम्मा.” वेटर शांतपणे म्हणाला, “साहेब, मोठी साडेसहाशे मिलीची आहे. ती आणू का? पण तिला पाइंट म्हणत नाहीत.” मोठी आणली. दोघांत संपवली.

बायकांचं स्वच्छतागृह स्वच्छ, पण कडी नाही, जोडीने जा. वेटर तत्पर, बिल हाताने लिहिलेलं आणि बरोबर. टेबलं मात्र सगळी रस्त्याच्या बाजूला, गाड्यांकडे तोंड करून मांडलेली. पाण्याकडच्या बाजूला जनरेटर आणि पाण्याच्या टाक्या. आम्ही टेबल उचलून तिकडे नेऊ का विचारलं तर मालक म्हणाले, “न्या की, पण तिकडं काय बघायचंय?” आणि स्वतः दोन खुर्च्या घेऊन आले.

निघताना भाऊजी धक्क्यावर गेले. पोराने बोट नुसता दोर गुंडाळून सोडली होती. त्यांनी खांबाला दोन वेढे घेऊन गाठ मारून दाखवली, सोडली, पुन्हा मारली. पोराने तिसऱ्यांदा स्वतः मारली आणि ओढून बघितली. कुणी फार काही बोललं नाही.

सोमवारी मी रिसॉर्टला फोन केला. म्हटलं, पुढच्या रविवारी आठजण येतो. तुमच्या बोटीने आम्हाला पलीकडे आंब्याखाली सोडा, जेवण डब्यात द्या, दोन तासांनी न्यायला या. बोटीचे दुप्पट पैसे देते.

मालक थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “देऊ हो मॅडम. पण पलीकडं आहे काय?”

“झाड आहे,” म्हटलं.

“झाड तर इकडंही आहे,” म्हणाले. पोराला विचारून सांगतो म्हणालेत.