टॅरो आणि रून: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस, स्टॉकहोममध्ये दुपारी साडेचारच्या आत अंधार पडू लागला, तेव्हा मी दोन वस्तू विकत घेतल्या. एक म्हणजे रायडर-वेट-स्मिथ या नावाने ओळखला जाणारा ७८ पत्त्यांचा टॅरो संच, आणि दुसरी म्हणजे लाकडी चकत्यांवर कोरलेला रूनांचा, म्हणजे उत्तर युरोपातील प्राचीन खुणांचा, संच. केवळ कुतूहल शमवण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या माणसासाठी नीट वाचन करता यावे, म्हणजे निघालेल्या पत्त्यावरून किंवा चकतीवरून त्याच्या प्रश्नाचा अर्थ लावता यावा, इतक्या तयारीने शिकायचे मी ठरवले होते. आता ऑगस्ट संपत आला आहे. या दहा महिन्यांत जवळजवळ रोज एक पत्ता किंवा एक चकती काढली, प्रत्येक वाचनाची तारखेसह नोंद ठेवली आणि फेब्रुवारीपासून ओळखीच्या मराठी कुटुंबांतील काही जणांसाठी वाचनही केले. शिकू इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी टॅरोविषयी. पत्ते हातात घेतल्यावर पहिली अडचण जाणवली ती आकाराची. प्रत्येक पत्ता साधारण सात सेंटिमीटर रुंद आणि बारा सेंटिमीटर उंच असल्यामुळे, रमी खेळण्याची सवय असलेल्या हातांना ते पिसता येत नाहीत. मी ते आडवे धरून, थोडे थोडे करून मिसळते. रोजच्या वापराने कडा पांढुरक्या झाल्या आहेत, परंतु एकही पत्ता दुमडलेला किंवा सुटलेला नाही.

रचना समजायला मात्र वेळ लागत नाही, कारण ५६ पत्ते आपल्या ओळखीच्या पत्त्यांसारखेच आहेत. दंड, पेले, तलवारी आणि नाणी असे चार रंग, प्रत्येकात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने आणि वर चार चित्रे, म्हणजे गुलाम, राणी आणि राजा यांच्या जोडीला एक घोडेस्वार. उरलेले २२ पत्ते वेगळ्या जातीचे आहेत: मूर्ख, जादूगार, संन्यासी, मृत्यू, मनोरा, सूर्य वगैरे. मी पहिल्या आठवड्यातच इंग्रजी नावे बाजूला ठेवून ‘पेल्यांची पंजी’, ‘तलवारींची छक्की’ असे म्हणू लागले आणि त्याचा फार फायदा झाला. लहानपणी सुटीत बदामसात खेळताना तोंडात बसलेले शब्द असल्यामुळे पत्ता परका वाटेनासा झाला.

माझे आजोळ सावंतवाडीजवळचे. तिथल्या राजवाड्यात रंगवली जाणारी दशावतारी गंजिफा मी पाहिलेली आहे: १२० गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग. ती खेळण्यासाठी आहे, भविष्य पाहण्यासाठी नाही. टॅरोही मुळात खेळच होता, हे मला शिकताना कळले. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या दरबारांत हे पत्ते डाव मांडून खेळले जात. त्यांच्यावरून भविष्य सांगण्याची प्रथा अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजली आणि ते इजिप्तमधील प्राचीन ज्ञान आहे, हे फ्रेंच लेखक कूर द जेबलँ यांनी १७८१ मध्ये मांडलेले मत लोकांनी उचलून धरले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. फ्रेंच विद्वान शांपोलियों यांनी ती उलगडण्याची किल्ली जाहीर केली ती १८२२ मध्ये. मला हा इतिहास निराश करणारा वाटला नाही. उलट, पत्त्यांना हजारो वर्षांचे गूढ ओझे नाही, हे कळल्यावर हात मोकळा झाला.

या विशिष्ट संचाची खरी थोरवी त्याच्या चित्रांत आहे. गूढविद्येचे अभ्यासक आर्थर एडवर्ड वेट यांच्या कल्पनेवरून चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी १९०९ मध्ये ही चित्रे काढली आणि त्याच वर्षी लंडनच्या रायडर प्रकाशनाने संच बाजारात आणला. त्याआधीच्या प्रचलित मार्सेय पद्धतीच्या संचात पेल्यांची सत्ती म्हणजे केवळ सात पेले असत. त्यातून अर्थ काढायचा तर तो पाठच करावा लागे. स्मिथ यांनी प्रत्येक साध्या पानावर माणसे आणली, प्रसंग आणले. त्याच वर्षी लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी, फार थोड्या पैशांत मोठे काम पूर्ण केल्याचे म्हटले आहे. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधील ब्यूड येथे त्या गरिबीत वारल्या, आणि दीर्घकाळ हा संच फक्त प्रकाशक व वेट यांच्याच नावाने ओळखला गेला. प्रत्येक पत्त्यावर त्यांची वळणदार आद्याक्षरी सही आहे. नव्याने शिकणाऱ्याने ती शोधून पाहावी, कारण ती शोधताना चित्राचे सगळे कोपरे आपोआप पाहिले जातात, आणि वाचनात कोपऱ्यांनाच महत्त्व असते.

पेल्यांची पंजी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. काळा झगा घातलेली व्यक्ती मान खाली घालून उभी आहे, तिच्यासमोर तीन पेले कलंडले आहेत. संचासोबतच्या पुस्तिकेत याचा अर्थ ‘नुकसान, खेद’ असा दिला आहे. परंतु तिच्या पाठीमागे दोन पेले अजून उभे आहेत, आणि दूरवर एक पूल आहे, पलीकडे घर आहे. मी हा पत्ता तीन वेळा काढला तोवर मला पूल दिसलाच नव्हता. त्यानंतर मी पुस्तिका मिटून ठेवली आणि वहीत प्रथम ‘काय दिसते’ आणि मगच ‘काय वाटते’ असे दोन स्वतंत्र रकाने आखले. माझ्या मते संपूर्ण टॅरो शिकण्यात याहून उपयुक्त सवय नाही.

सर्वांत अवघड गेले ते १६ चित्रांचे पत्ते. राजा म्हणजे बाहेरचा माणूस, की विचारणाऱ्याच्याच स्वभावाचा एक भाग, याचा निर्णय मला आजही दर वेळी नव्याने करावा लागतो. पत्ता उलटा निघाल्यास त्याचा वेगळा अर्थ लावतात, ते अर्थ मी चार महिने वापरले आणि नंतर सोडून दिले. ७८ अर्थ पुरेसे असताना १५६ सांभाळण्यात लक्ष विभागले जात होते. दहा पत्त्यांची केल्टिक क्रॉस नावाची प्रसिद्ध मांडणी नवशिक्यांना सर्वत्र सुचवली जाते, तीही मला घाईची वाटते. तीन पत्ते नीट जोडून एक सलग गोष्ट सांगता येईपर्यंत दहा मांडण्यात अर्थ नाही.

आता रून. इथे माझी मोठी चूक अशी झाली, की हीदेखील पत्त्यांसारखीच चित्रे आहेत, असे मी गृहीत धरले. रून ही अक्षरे आहेत. जुन्या फुथार्क वर्णमालेत २४ अक्षरे असून, ‘फुथार्क’ हे नावच पहिल्या सहा अक्षरांच्या उच्चारांवरून पडले आहे. गोटलंड बेटावर सापडलेली क्युल्व्हरची शिळा, जिच्यावर ही वर्णमाला क्रमाने कोरलेली आहे, साधारण इसवी सन ४०० ची मानली जाते. ती इथल्या इतिहास संग्रहालयात आहे आणि मी ती डिसेंबरमध्ये पाहून आले. सबंध स्वीडनभर रूनशिळा विखुरलेल्या आहेत, परंतु त्यांतील बहुतेक अकराव्या शतकाच्या आसपासच्या, म्हणजे १६ अक्षरांच्या नव्या फुथार्कमधील आहेत आणि त्यांवरचा मजकूर सहसा ‘अमुकाने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ हा दगड उभारला’ असा असतो. आपल्याकडचे वीरगळ पाहिलेल्या माणसाला तो दगड लगेच जवळचा वाटतो. भविष्याचा त्यात मागमूसही नाही.

मग या अक्षरांनी कौल घेण्याचा आधार कोणता? रोमन लेखक टॅसिटसने इसवी सन ९८ मध्ये जर्मन टोळ्यांविषयी लिहिताना, फळझाडाच्या फांदीचे तुकडे करून त्यांवर खुणा करण्याची, ते पांढऱ्या कापडावर टाकण्याची आणि आकाशाकडे पाहत एकामागून एक तीन उचलण्याची रीत नोंदवली आहे. त्या खुणा रूनच होत्या, असे तो म्हणत नाही. आज शिकवली जाणारी पद्धत बरीचशी विसाव्या शतकात घडलेली आहे. अर्थांसाठी मध्ययुगातील तीन रून-कविता, म्हणजे जुनी इंग्रजी, नॉर्वेजियन आणि आइसलँडिक, एवढाच जुना आधार आहे, आणि त्याही सर्वत्र एकमेकींशी जुळत नाहीत. मी टॅसिटसची रीत जशीच्या तशी घेतली: वडिलांचे जुने पांढरे उपरणे अंथरते आणि तीनच चकत्या उचलते.

प्रत्येक रूनाचे नाव हा एक शब्द आहे, आणि मराठी माणसाला या नावांत एक अनपेक्षित आनंद मिळतो. ‘फेहू’ म्हणजे गुरे, आणि त्यावरून धन. हा शब्द आपल्या ‘पशू’ या शब्दाचा सख्खा भाऊबंद आहे. ‘एहवाझ’ म्हणजे घोडा, आणि त्याचे नाते ‘अश्वा’शी आहे. ‘मान्नाझ’ म्हणजे मनुष्य, तो ‘मनू’च्या कुळातला. ‘ओथाला’ म्हणजे वडिलोपार्जित जमीन, ज्याला मी वहीत सरळ ‘वतन’ लिहिले. ‘येरा’ म्हणजे वर्ष, त्यातही सुगीचे. ‘हागालाझ’ म्हणजे गारपीट. आंब्याच्या मोहोरावर गारा पडलेल्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला या अक्षराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मी घेतलेल्या संचाविषयी मात्र तक्रार आहे. दोन चकत्यांवरचे कोरीवकाम इतके उथळ होते की ‘फेहू’ आणि ‘अन्सुझ’ वेगळे ओळखता येत नव्हते. मी सुईने रेषा खोल करून त्यांत कुंकू भरले. सोबतच्या माहितीपत्रकात पंचविसावी कोरी चकती ‘नियतीची’ म्हणून दिली होती आणि ती प्राचीन असल्याचे छापले होते, जे खरे नाही. कोरी चकती १९८२ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका संचामुळे लोकप्रिय झाली. वर्णमालेत कोरे अक्षर असूच शकत नाही, म्हणून मी ती काढून टाकली. आणखी एक गोष्ट विक्रेत्याने सांगायला हवी होती: ‘ओथाला’ आणि ‘सोविलो’ या अक्षरांचे आकार नाझींनी आपल्या चिन्हांसाठी वापरले, त्यामुळे युरोपात ती गळ्यात घालून फिरण्यापूर्वी त्यांकडे पाहणाऱ्याला काय आठवेल, याचा विचार केलाच पाहिजे.

दोन्हींची तुलना करताना माझे मत असे झाले आहे, की टॅरो बोलायला शिकवतो आणि रून थांबायला. चित्रात इतके काही असते की नवशिका बोलतच सुटतो. समोरचा अजून विचार करत असतो, आणि आपण त्याला किल्ला, नदी, पक्षी सगळे दाखवून मोकळे होतो. रून काढल्यावर हातात एकच शब्द असतो: बर्फ. गरज. प्रवास. तो उच्चारून गप्प बसावे लागते, आणि मग समोरचा माणूस स्वतः बोलू लागतो.

हे मला एका चुकीतून कळले. मार्चमध्ये वैद्यकीय तपासणीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या एका मैत्रिणीने आग्रह केला, म्हणून मी पत्ते मांडले आणि मनोरा निघाला: वीज कोसळलेली, मुकुट उडालेला, दोन माणसे खाली पडत असलेली. मी पुस्तकी सफाईने ‘अचानक कोसळणे’ यावर बोलत राहिले. ती दोन रात्री झोपली नाही. निकाल चांगला आला, परंतु त्या दोन रात्री मी तिला दिल्या, याची मला आजही लाज वाटते. तेव्हापासून आजार, मृत्यू, गर्भारपण आणि कोर्टकचेरी यांविषयी मी कितीही आग्रह झाला तरी वाचन करत नाही, आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा, असे मला मनापासून वाटते.

आजोळच्या देवळात कौल लावण्यापूर्वी गाऱ्हाणे घातले जाई, आणि गाऱ्हाण्यात प्रश्न अगदी नेमका मांडावा लागे. देवाला लावलेली पाकळी उजवी पडली तर कशाला होकार समजायचा, हे आधी ठरलेले असे. मी आता तेच करते. मे महिन्यात ओळखीतला एक तरुण आला आणि म्हणाला, “काकू, मी परत जावं का?” मी पत्ते पिसण्यापूर्वी त्याला विचारले, “परत म्हणजे कुठे? पुण्याला, आईवडिलांकडे, की जुन्या नोकरीत?” तो बराच वेळ बोलत राहिला आणि शेवटी प्रश्न असा ठरला, की इथून निघताना सोबत काय न्यायचे आणि काय सोडायचे. तलवारींची छक्की निघाली: नावाडी, होडीत पाठमोरी बसलेली स्त्री आणि मूल, पुढे होडीत उभ्या रोवलेल्या सहा तलवारी, एका बाजूला खळबळते पाणी आणि दुसऱ्या बाजूला शांत. मी फक्त विचारले, “या तलवारी उपसल्या तर होडीचं काय होईल?” तो म्हणाला, “पाणी आत येईल.” मग आम्ही चहा घेतला. पुढे त्याने काय ठरवले, हे मी विचारलेले नाही.

भविष्य कळते का? जुलैमध्ये मी वहीतील प्रत्येक वाचन पुन्हा तपासले. जिथे मी तारखेने किंवा होय-नाही अशा नेमक्या शब्दांत काही सांगितले होते, तिथे ते बहुतेक चुकले होते. जे खरे ठरल्यासारखे वाटले, ते इतके मोघम होते की कुणालाही लागू पडले असते. म्हणून पैसे घेऊन भविष्य सांगण्याचा विचार मी मनातून काढून टाकला आहे. वाचन मात्र सोडलेले नाही, कारण इथे दूर राहणाऱ्या माणसांना आपल्या मनातली गोष्ट घाई न करता, कुणी सल्ला न देता, तासभर बोलता येईल अशा जागा फार थोड्या आहेत.

विकत घेणाऱ्यांसाठी: टॅरोचा संच घ्यायचा असेल तर स्मिथ यांच्या मूळ चित्रांचाच घ्या, सजावटी आवृत्त्या नंतर. रूनांचा संच विकत न घेता स्वतः करा. सफरचंदाच्या छाटलेल्या फांदीच्या २४ चकत्या, एक धारदार सुरी आणि एक रविवार पुरतो. माझा नवा संच मी याच शनिवारी कोरायला घेतला आहे. आतापर्यंत ‘येरा’पर्यंत पोचले आहे, म्हणजे बारा झाली, बारा उरली.