केबल ओढू की मेश घेऊ?

फोंड्याच्या भाच्याने विचारलं, "मामा, तिघं एकदम खेळायला बसलो की पिंग २० वरून २०० वर जातो. मेश वाय-फाय घेऊ की लॅन केबल ओढू?" (पिंग म्हणजे गेमच्या सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत; मेश म्हणजे घरभर ठेवलेले, एकमेकांशी जोडलेले वाय-फायचे डबे.) घर जुनं, भिंती चिऱ्याच्या, चांगल्या हातभर जाड.

खर्चात केबल स्वस्त. मेशच्या खोक्यावरचे वेगाचे आकडे तर वाचूच नका.

खरा फरक स्थिरतेत. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा दोन भिंतींतच धापा टाकतो. मेशचे डबे एकमेकांशी वाय-फायनेच बोलत असतील, तर प्रत्येक टप्प्यावर थोडा उशीर वाढतो, आणि तिघं त्याच हवेत वाटेकरी. कॅट-६ प्रकारची लॅन केबल मात्र १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट नेते. मधल्या भिंतींशी तिला देणंघेणं नाही.

कष्टात मेश जिंकतो. केबलसाठी चिऱ्यात भोक पाडावं लागतं, आणि त्याला आजीची परवानगी काढणं हे वेगळंच काम. केबल शक्यतो घरातूनच न्या. बाहेरून नेली तर पावसाळ्यात विजेने राउटरचा पोर्ट जळण्याची भीती.

एक गोष्ट दोन्हींनी सुटत नाही. एकाने गेमचं अपडेट लावलं की मूळ लाइनच तुंबते. त्यासाठी राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला आधी आणि किती वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) चालू करून वेगाची मर्यादा लाइनच्या ९० टक्क्यांवर ठेवा. हे आधी करा, फुकट आहे.

पीसी, कन्सोल एका जागी असतील तर केबलच. भाड्याचं घर किंवा सगळा खेळ मोबाइलवर असेल तर मेश. भाच्याला मी केबल सांगितली; आजीशी तो बोलेल.